‘पंपाचे भाग’

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं मी बघते. गेल्या मार्चमध्ये आखातातल्या एका व्यापाऱ्याकडून चौकशी आली. स्टीलच्या फोर्जिंगवर, म्हणजे तापवून ठोकून घडवलेल्या तुकड्यांवर, मशीनिंग, चार हजार नग, निम्मे पैसे आगाऊ. वर्णन ‘पंपाचे भाग’. हाताशी काम कमी होतं, त्यामुळे मालकांनी लगेच कोटेशन काढायला सांगितलं.

वेळेचा अंदाज काढायला ड्रॉइंग मशीन शॉपमध्ये गेलं. तिथले काका अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले. अर्ध्या तासात ते स्वतःच ड्रॉइंग घेऊन माझ्या टेबलाशी आले.

“पोरी, हे पंपाचं काम नाही व. हा तोफेचा गोळा होय.”

व्यास १०५ मिलिमीटरच्या जरासा आत. पुढे निमुळतं तोंड, त्याला आतून आटे. आणि बुडाजवळ एक खाच, आत रुंद, तोंडाशी अरुंद. काकांनी पेन्सिलीचं टोक तिथेच टेकवलं. या खाचेत तांब्याचा पट्टा दाबून बसवतात, तोफेच्या नळीतल्या पिळदार खाचा त्यात रुततात आणि गोळा गरगर फिरत सुटतो. पंपात असा पट्टा कशाला लागेल?

मी स्कोमेटची, म्हणजे परवान्याशिवाय निर्यात करता येत नाही अशा मालाची सरकारी यादी उघडली. सहाव्या वर्गात युद्धसाहित्य. २०१७ पासून ते लागू आहे. त्यात तयार दारूगोळाच नाही, तर त्यासाठी खास बनवलेली अर्धवट फोर्जिंगसुद्धा येतात. परवाना संरक्षण उत्पादन विभागाचा, आणि माल शेवटी कोण वापरणार याचं प्रमाणपत्र हवं. ते मागितलं तर उत्तर आलं, ‘कोड पंपाचाच टाका, प्रमाणपत्राचं नंतर बघू.’

मालक म्हणाले, “आपण तर नुसतं लोखंड घासणार, पुढचं त्याचं तो पाहील.” पगार द्यायची त्यांची काळजी मला कळत होती. पण काकांनी पश्चिम बंगालमधल्या पुरुलियाची आठवण काढली. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री विमानातून एके-४७ रायफली टाकल्या गेल्या. त्या बल्गेरियात विकत घेतल्या होत्या आणि कागदावर घेणारा होता बांगलादेश. मालक बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “नाही म्हणून कळवून टाक.”

शस्त्रव्यापाराचा करार संयुक्त राष्ट्रांत २ एप्रिल २०१३ ला १५४ विरुद्ध ३ मतांनी संमत झाला. भारत तटस्थ राहिला. दहशतवादी आणि बिगर-सरकारी गटांबाबत तो कमकुवत आहे, हा आपला आक्षेप. तो मला रास्त वाटतो. तरी आपण त्या करारात असावं असंच मला वाटतं, कारण नेमक्या अशाच सुट्या भागांचीही त्यात दखल आहे.

ड्रॉइंग आणि मेल जोडून आम्ही डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या नागपूर कार्यालयाला कळवलं.

तीन आठवड्यांनी बुटीबोरीहून एका ओळखीच्या कारखानदाराचा फोन आला. “ताई, एक चौकशी आली आहे, पंपाचे भाग म्हणून. जरा बघता का?”

मी त्यांना विचारलं, “बुडाजवळ खाच आहे का?”