ते चेहरे खरे होते का?

रोमन सम्राटांची सोळाव्या-सतराव्या शतकातली कोरीव छापचित्रं कुणाला दाखवली की एक प्रश्न हमखास येतो: "हे लोक खरंच असे दिसायचे?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. शंका रास्त आहे, पण उत्तर चेहऱ्यागणिक बदलतं.

सगळ्यांत भक्कम पुरावा नाण्यांचा. त्यांवर सम्राटाचा एका बाजूने दिसणारा चेहरा असे आणि भोवती त्याचं नाव, त्यामुळे हा कोण हा वादच नाही. नीरोच्या शेवटच्या वर्षांतल्या नाण्यांवर त्याची जाड मान आणि लोंबती हनुवटी स्पष्ट दिसते, तीही त्याच्याच टांकसाळीने कोरलेली! ह्यूबर्ट गोल्ट्झियसने १५५७ साली अँटवर्पमध्ये काढलेलं सम्राटांचं पुस्तक मला फार प्रिय आहे, कारण ज्याचं खात्रीचं नाणं सापडलं नाही त्याच्या चेहऱ्यासाठीचं वर्तुळ त्याने कोरंच सोडलं. मनाने एखादा चेहरा रेखाटून टाकणं त्याला काय अवघड होतं? तरी त्याने तो मोह टाळला.

पुतळ्यांवर मात्र बहुधा नाव नसे. कार्डिनल ग्रिमानीने व्हेनिसला दिलेलं एक गुबगुबीत मस्तक नाण्यांशी ताडून व्हिटेलियस या सम्राटाचं ठरवलं गेलं. आज अभ्यासक ते व्हिटेलियसनंतर काही दशकांनी घडवलेलं, कुणा अनामिक रोमन माणसाचं मानतात. पण चित्रकार टिशियनने इटलीतल्या मांतुआच्या गोंझागा राजवाड्यासाठी अकरा सीझर, म्हणजे रोमन सम्राट, रंगवले, तेव्हा व्हिटेलियससाठी त्याच्यासमोर तेच मस्तक होतं.

त्यातली बहुतेक चित्रं पुढे इंग्लंडमार्गे स्पेनला गेली आणि १७३४ साली माद्रिदच्या राजवाड्याला लागलेल्या आगीत जळाली. आज ती आपल्याला कळतात ती नकलांवरून आणि मुख्यतः प्रागच्या दरबारातल्या एगिडियस सादेलरने कोरलेल्या छापांवरून. त्यातलं चिलखत भिंगाखाली जरूर बघा. एकच रेघ बारीक सुरू होते, फुगते, पुन्हा निमुळती होते. चकाकी दाखवायची तिथे ती थांबते आणि नुसता कोरा कागद चमकतो. एवढ्या कसबाने कोरलेल्या त्या व्हिटेलियसमध्ये चेहरा अनोळखी माणसाचा आहे, ऐट टिशियनची आहे, रेघा सादेलरच्या आहेत. व्हिटेलियस पाहायचा असेल, तर त्याचं नाणंच बघा.