आमची वाटचाल: दूध केंद्रावरचं हातातलं यंत्र

आमचं अ‍ॅप साधंच आहे. सभासद क्रमांक, लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) टाकायचं. ते दर काढून पावती छापतं. गडहिंग्लजला आम्ही कॉम्प्युटर दुरुस्ती आणि दूध संस्थांच्या बिलांचं काम करायचो. वाड्यावस्त्यांवरच्या केंद्रांत तेव्हा वहीच चालायची, कारण पहाटे साडेपाचला लाइट असेलच याचा भरवसा नाही आणि टेबल मांडायला जागा नाही. 2017 मध्ये रास्पबेरी पाय झीरो डब्ल्यू हा छोटासा, एका पट्टीवरचा कॉम्प्युटर आला. मेमरी 512 एमबी, वायफाय आतच. त्याला साडेतीन इंची टच स्क्रीन, बॅटरी आणि 58 मिलिमीटरचा थर्मल प्रिंटर जोडून लिनक्सवर चालणारं, हातात मावणारं यंत्र आम्ही तयार केलं.

अ‍ॅप पंधरा दिवसांत लिहून झालं. ते पॅकेज करून, म्हणजे बसवता येईल अशी एकच फाइल बनवून, यंत्रात नीट बसवण्यात मात्र अख्खा पावसाळा गेला.

पहिली डेब फाइल, म्हणजे असं पॅकेज, ऑफिसच्या उबुंटू लिनक्सच्या मशीनवर बनवली. यंत्रात विनातक्रार बसली, पण आयकॉनला बोट लावलं की अ‍ॅप बंद. टर्मिनलवर दोनच शब्द: इल्लीगल इन्स्ट्रक्शन, म्हणजे प्रोसेसरला न कळणारी आज्ञा. तीन दिवस आम्ही स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसलो. पाय झीरोचा प्रोसेसर एआरएमव्ही6 जातीचा आणि उबुंटूवरचा कम्पायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा) त्यापुढच्या एआरएमव्ही7 साठी कोड काढत होता. पॅकेजवर मात्र दोन्हीकडे नाव एकच, एआरएमएचएफ, म्हणून पॅकेज बसवणाऱ्या डीपीकेजीने फाइल अडवली नाही. तेव्हापासून आम्ही पायसाठीच्या रास्पबियन या लिनक्सचंच वातावरण क्यूईएमयूवर (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) चालवून त्यात पॅकेज तयार करतो. वेळ बराच जास्त लागतो, पण त्यात आम्ही घाई करत नाही.

मग सभासदांच्या नावांच्या जागी चौकोन दिसू लागले. लोहित देवनागरी फॉन्ट आमच्या मशीनवर आधीपासून होता, म्हणून पॅकेजच्या कंट्रोल फाइलमधल्या डिपेंड्समध्ये (सोबत काय काय लागतं त्या यादीत) तो लिहायचा राहून गेला होता. एका ओळीचं काम.

खरी झोप उडवली ती दरपत्रकाने. म्हशीच्या दुधाला 6.0 फॅट आणि 9.0 एसएनएफ धरून मूळ दर, पुढे पॉइंटप्रमाणे वाढ आणि कपात. हा तक्ता आम्ही अ‍ॅपच्याच फोल्डरमध्ये ठेवला होता. एका केंद्राने नवा दर भरला आणि दोन दिवसांनी आमचं अपडेट गेलं. सकाळी सातला सचिवबाईंचा फोन.

"दर मागचाच दाखवतोय की ओ. माणसं पावत्या घेऊन उभी हायत."

पॅकेजने त्यांच्या तक्त्यावर आमचा जुना तक्ता चढवला होता. त्या दिवशी मी स्वतः केंद्रावर जाऊन 43 पावत्या हाताने दुरुस्त केल्या. दहा दिवसांच्या बिलावर ज्यांचं घर चालतं, त्यांना लिटरमागे दीड रुपया कमी लागणं ही लहान चूक नव्हे.

मग तक्ता ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमध्ये हलवला, म्हणजे डीपीकेजी त्याला कॉन्फफाइल (वापरणाऱ्याने बदललेली असू शकणारी फाइल) मानून परस्पर बदलणार नाही. पण फाइल दोन्हीकडून बदललेली असली की डीपीकेजी विचारतो, कुठली ठेवू? आमचं अपडेट रात्री आपोआप चालायचं. उत्तर द्यायला तिथे ना कीबोर्ड, ना माणूस. तो काम अर्धवट टाकून थांबला आणि पहाटे अ‍ॅप सुरूच झालं नाही. शेवटी आम्ही दरपत्रक पॅकेजमधून पूर्ण काढलं. आता ते व्हारलिबमध्ये, म्हणजे चालू माहितीच्या फोल्डरमध्ये असतं, केंद्राने पहिल्यांदा दर भरला की तिथे तयार होतं, आणि अपडेट त्याला हात लावत नाही. दर संस्थेचा आहे. तो आमच्या डेब फाइलमध्ये असायलाच नको होता.

आज प्रत्येक आवृत्ती आम्ही आधी कोऱ्या मेमरी कार्डावर आणि मग केंद्रावर चालू असलेल्या जुन्या आवृत्तीवर बसवून बघतो. कीबोर्ड जोडत नाही. एकदा मध्येच बॅटरीही काढतो. गेल्या महिन्यात अपडेट पाठवल्यावर त्याच सचिवबाईंना सकाळी फोन मीच केला आणि पहिली पावती वाचून दाखवायला सांगितली. त्यांनी फॅट, एसएनएफ, दर असं सगळं सावकाश वाचलं.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या आणि पुढच्या सभासदाचं नाव पुकारलं.