मिठाच्या स्फटिकावरचा पिवळा डाग

कोल्हापूरच्या पावसाळ्यात मिठाचा एकस्फटिक, म्हणजे सलग एकाच मांडणीचा अखंड स्फटिक, सांभाळणे जिकिरीचे असते. हवेतल्या ओलाव्याने त्याचे पैलू धूसर होतात, म्हणून आमच्या महाविद्यालयात तो ओलावा शोषणारे सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवाबंद भांड्यातच राहतो. जुलैतल्या त्या दिवशी एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने तो क्ष-किरण विवर्तनाच्या, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासण्याच्या यंत्रातून काढला, तेव्हा किरण पडलेल्या जागी पिवळसर तपकिरी डाग उमटला होता.

"सर, स्फटिकात अशुद्धी असणार," ती म्हणाली. शंका रास्त होती. पण डाग पुसला जाईना, आणि पात्याने स्फटिक फोडल्यावर रंग केवळ वरच्या पातळ थरात दिसला. यंत्रातल्या, तांब्याचे लक्ष्य असलेल्या नळीतले क्ष-किरण मिठात फार खोल जातच नाहीत.

स्फटिकात इलेक्ट्रॉनांना ठराविक ऊर्जांचे पट्टेच मोकळे असतात. शुद्ध मिठात क्लोराईडच्या बाहेरच्या (३पी) कक्षकांपासून बनलेला पट्टा इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरलेला असतो, त्यावरचा वहन पट्टा रिकामा असतो आणि दोहोंमध्ये सुमारे ८.५ इलेक्ट्रॉन व्होल्टचे अंतर असते. दृश्य प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा जेमतेम ३ इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत पोचते, त्यामुळे तो शोषला न जाता आरपार जातो. क्ष-किरणांमुळे मात्र काही क्लोराईड आयन आपल्या जागेवरून हलतात, आणि त्या मोकळ्या जागी भोवतालच्या सहा सोडियम आयनांच्या आकर्षणाने एक इलेक्ट्रॉन अडकून पडतो. हेच एफ-केंद्र; त्याच्या ऊर्जापातळ्या पट्ट्यांमधल्या अंतरात येतात, म्हणून त्याला दृश्य प्रकाशही शोषता येतो आणि रंग दिसतो. जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट पोल यांनी अशा रंगांचा अभ्यास १९२०च्या दशकातच सुरू केला होता.

डागाच्या वर्णपटात शोषणाचे शिखर, म्हणजे सर्वाधिक शोषण, ४६० नॅनोमीटर तरंगलांबीजवळ आले. म्हणजे निळा प्रकाश शोषला जात होता. तिचे समाधान झाले नाही, आणि ते मला आवडले, कारण एखादी अशुद्धीही असे शिखर देऊ शकते. मग पोटॅशियम क्लोराईडबद्दल आधीच भाकीत करायचे ठरले. इलेक्ट्रॉन पेटीत कोंडलेला मानला, तर त्याची ऊर्जा पेटीच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, आणि ऊर्जा कमी म्हणजे तरंगलांबी जास्त. म्हणून जालकांतर, म्हणजे आयनांची मांडणी जितक्या अंतराने पुन्हा येते ते अंतर, मिठातल्या ५.६४ वरून पोटॅशियम क्लोराईडमध्ये ६.२९ अँगस्ट्रॉम होताच शिखर ५७० नॅनोमीटरच्या आसपास सरकायला हवे होते.

पोटॅशियम क्लोराईडचा स्फटिक यंत्रातून जांभळा होऊन बाहेर आला. शिखर ५६० जवळ मिळाले, कारण पेटीचे गणित ढोबळच आहे. परंतु रंग पोकळीच्या आकारावर ठरतो, हे तिला पटले. तिने लगेच विचारले, की दिव्याच्या प्रकाशाने हा इलेक्ट्रॉन सुटणार नाही का? सुटतो, आणि रंगही विटतो. म्हणून उरलेली मोजमापे आम्ही खिडक्यांचे पडदे ओढून घेतली.