कुमिको, भांग आणि एसी

आजचा दिवस जपानमधल्या कानुमा गावात, कुमिकोच्या, म्हणजे काड्या जुळवून केलेल्या लाकडी जाळीच्या कारखान्यात. टोकियोतल्या एका जुन्या घराचं नूतनीकरण चालू आहे, सरकत्या दारांवरच्या पट्टीत ही लाकडी जाळी बसवायचीय. मालकीणबाईंना सगळीकडे आसानोहा हवी, म्हणजे भांगेच्या पानांची नक्षी. हो, भांगच! झाड सरळसोट, झरझर वाढतं म्हणून जपानात बाळांच्या कपड्यांवरही ती असायची.

आजोबा कारागीर हिनोकीच्या (जपानी सायप्रसच्या) काडीचं टोक तिरकं रंधायचे, बसवून बघायचे, पुन्हा केसभर रंधायचे. मग अंगठ्याने दाब, टक्! खिळा नाहीच. मी बघतच राहिले.

नक्षी मात्र मधल्या भागातच ठेवली, बाकी साध्या उभ्या काड्या. सगळं भरलं तर जीव गुदमरतो. आता एसीचा झोत जाळीवर येऊ नये म्हणून युनिट हलवायचंय. इलेक्ट्रिशियन वैतागणार!