अनुग्रहाच्या अर्जातला सातवा रकाना

‘यापूर्वी कोणाकडून उपदेश वा अनुग्रह घेतला आहे का? असल्यास गुरूंचे नाव व त्यांची अनुमती.’ अनुग्रहाच्या, म्हणजे गुरूंकडून नाममंत्र घेण्याच्या अर्जातल्या या एका रकान्यापायी माझे आठ महिने गेले. आज तुळशीची माळ गळ्यात आहे, तरी ते दिवस आठवले की अजून संताप होतो. कुणी सध्या गुरूच्या, साधनेच्या शोधात असेल तर त्याचा तरी वेळ वाचावा म्हणून लिहितोय.

वडील गेल्यानंतर नामाची ओढ लागली. प्रवचनं ऐकली, तीन-चार ठिकाणच्या उपासनेला बसलो. दासबोधाचा पाचवा दशक पुन्हा पुन्हा वाचला. त्यात दुसऱ्या समासात गुरूची लक्षणं आहेत आणि लगेच तिसऱ्यात शिष्याची. बहुतेक जण दुसरा वाचून गुरू पारखायला निघतात, मीही तेच केलं. तिसरा आधी वाचायला हवा होता. शेवटी एका मठातला पहाटेचा जप मनात बसला. वर्षभर गेलो आणि चैत्रात अनुग्रहासाठी अर्ज मागितला.

सहा रकाने भरायला पाच मिनिटं लागली. सातव्यापाशी हात थांबला. माझी मुंज आठव्या वर्षी झाली. वडिलांनी मला उपरण्याखाली घेऊन कानात गायत्री सांगितली होती, त्यांच्या श्वासाची ऊब मला अजून आठवते. तो उपदेशच ना? जिथे नाम मागायला निघालो, तिथल्या पहिल्याच कागदावर खोटं कसं लिहायचं? मी लिहिलं, ‘होय. मुंजीत वडिलांकडून गायत्री. वडील हयात नाहीत.’

टेबलावरचे सेवेकरी म्हणाले, “अहो, मुंज धरत नाहीत. ‘नाही’ लिहायचं होतं.” मी म्हटलं, मग कोरा अर्ज द्या, पुन्हा भरतो. तर ते म्हणाले, आता नोंद झाली, व्यवस्थापकांना विचारा. व्यवस्थापक भेटले तिसऱ्या खेपेला. ते म्हणाले, “उपदेश घेतलाय असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे अनुमती लागणार.” वडील गेलेत, असं मी सांगितलं. “मग घरातल्या वडीलधाऱ्यांचं पत्र आणा.” माझे काका एक्याऐंशी वर्षांचे. हात थरथरतो, पण त्यांनी बसून, दोन ओळी खोडून, पुन्हा लिहून पत्र दिलं. ते नेऊन दिलं तर दुसरेच गृहस्थ बसले होते. ते म्हणाले, “काका तुमचे गुरू नव्हेत, त्यांची अनुमती कशी चालेल? आणि वडील तरी गुरू कसे?” अर्ज ‘विचारार्थ’ ठेवला गेला. गुरुपौर्णिमा आली, माझ्या मागून अर्ज दिलेल्यांना अनुग्रह मिळाला, मी मागच्या रांगेत बसून बघत होतो. त्यानंतर श्रावणात दोनदा, भाद्रपदात एकदा गेलो. प्रत्येक वेळी तेच एक वाक्य, ‘वरून निरोप आला की कळवू.’

वडील गुरू कसे, हा प्रश्न मला फार लागला. ज्ञानेश्वरांचे गुरू त्यांचे सख्खे थोरले भाऊ, निवृत्तिनाथ. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात आचार्योपासनेवर, म्हणजे गुरुसेवेवर, ओव्यांमागून ओव्या आहेत, त्या वाचताना आपल्या भावाकडे बघून बोलणारा तो कोवळा मुलगा मला दिसतो. तुकोबांना तर बाबाजी चैतन्यांनी माघ शुद्ध दशमीला स्वप्नात मंत्र दिला. हे सगळं मला माहीत होतं, पण त्या टेबलापुढे तोंडून शब्द फुटला नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायातल्या चौतिसाव्या श्लोकात ज्ञान मिळवण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्यात, प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. नमस्कार मी रोज करत होतो, झाडलोटीची सेवाही करत होतो. प्रश्न विचारायला मात्र त्या मठात जागाच नव्हती. ज्यांच्याकडून नाम घ्यायचं, त्यांच्यासमोर दोन मिनिटं बसून शंका मांडता येत नसेल, तर अर्ज भरण्याआधीच हे कळलेलं बरं. आधी विचारा की गुरूंशी प्रत्यक्ष बोलता येतं का, आणि अडलं तर पुढे कोणाला विचारायचं.

सगळ्यात मोठं नुकसान मी स्वतः करून घेतलं. अनुग्रहच नाही तर जप कशाला, असं मनाने घेतलं आणि तीन महिने माळ पेटीत पडून राहिली. असं करू नका. वाट बघण्याच्या काळात रोजची बैठक मोडली की पुन्हा बसवायला फार त्रास होतो.

कार्तिक वद्य एकादशीला आळंदीला गेलो, माउलींच्या समाधी सोहळ्याला. जोग महाराजांनी १९१७ साली तिथे जी वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथे शिकलेले एक वृद्ध कीर्तनकार कीर्तन संपवून ओसरीवर बसले होते. पाया पडलो आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, “माउली, मुंज हा संस्कार. गायत्री देताना वडील तुमचे आचार्य झाले. नाम घेताना त्यांची आठवण ठेवा, त्यांना नमस्कार करा. अडचण कसली?” आठ महिन्यांचा प्रश्न तिथेच संपला. डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलंही नाही.

मग त्यांनी नियम सांगितले. एकादशी, मद्य-मांस वर्ज्य, रोज हरिपाठ, पंढरीची वारी. “पुढच्या दोन एकादश्या धरून बघा, जमलं तर माळ घालू. हरिपाठ आजच सुरू करा, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.” मोक्षदा आणि सफला, दोन्ही केल्या. पौष शुद्ध एकादशीला त्यांनी ज्ञानेश्वरीवर ठेवलेली माळ उचलून माझ्या गळ्यात घातली. मंत्र कानात सांगितला नाही, सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हटला, ‘राम कृष्ण हरी.’

एक सांगायचं राहिलं. जपाची १०८ मण्यांची माळ वेगळी असू द्या, मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मणी, ओलांडायचा नसतो, तिथून उलटं फिरायचं. आणि कुठेही अनुग्रह घ्या, नियम आधी ऐकून घ्या आणि ते काही आठवडे पाळून बघा. त्या दोन एकादश्यांनी मला माझ्याबद्दल जेवढं कळलं तेवढं वर्षभराच्या प्रवचनांनी कळलं नव्हतं.

माघात मठातून फोन आला. अर्ज विचारात घेतलाय, मुंजीबद्दल भटजींचं लेखी काही असेल तर आणा. मी नमस्कार सांगितला, अर्ज मागे घेतो म्हटलं, आणि काकांचं पत्र परत मागितलं. त्यासाठी दोन खेपा झाल्या, पण घेतल्याशिवाय हललो नाही. ते पत्र आता वडिलांच्या संध्येच्या पोथीत ठेवलंय.