जाताना एवढं, येताना निम्मं कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सांगली ते नागपूर आणि नागपूर ते सांगली, रस्ता तोच, किलोमीटर तेवढेच, गाडीसुद्धा तीच. मग जातानाचं भाडं येतानाच्या दुप्पट का? हे मला व्यापारी विचारतात, बदली झालेले बँकवाले विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला कुणीतरी तर हमखास विचारतो. विचारण्याच्या सुरातच ‘मधलं तुम्ही खाता’ असं असतं. सांगलीत आमचं ट्रान्सपोर्टचं बुकिंग ऑफिस आहे, तेव्हा मधलं थोडं आम्ही खातो हे खरंच. त्याला कमिशन म्हणतात. पण निम्म्या-दुपटीचा फरक तेवढ्या कमिशनने पडत नाही.

गाडीवाला इथून निघतानाच परतीचा हिशेब मांडून निघतो. मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला, मंगळवेढा करत सोलापूर, तिथून तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा, बुटीबोरी. साडेसातशे किलोमीटरच्या आसपास. येऊन-जाऊन पंधराशे. दहाचाकी गाडी भरलेली असली की लिटरला साडेतीन-चार किलोमीटर देते, रिकामी असली की थोडं जास्त. म्हणजे एका फेरीला साधारण चारशे लिटर डिझेल, नव्वदच्या आसपास दर धरला तर छत्तीस हजार तिथेच गेले. त्यात टोल, ड्रायव्हर-क्लीनरचा पगार आणि भत्ता, टायरची झीज, विमा आणि दर महिन्याला न चुकता येणारा गाडीचा हप्ता. हे सगळं त्याला दोन्ही भाड्यांतून मिळून काढायचं असतं. येताना काय मिळेल याची खात्री नसेल, तर तो सगळं जातानाच मागतो.

आणि खात्री नसतेच. आपल्याकडून विदर्भात जाणारा माल भरपूर. पहिली साखर. सांगली-कोल्हापूरकडे कारखान्यांची रांग आहे, तिकडे नावाला थोडे. मग तासगावचा बेदाणा, गूळ, हळद. तिकडून इकडे काय येतं? भंडारा-गोंदियाचा तांदूळ येतो, हंगामात संत्री येतात. बाकी नागपूरचा बराचसा माल मुंबई-पुण्याकडे, हैदराबादकडे, रायपूरकडे निघून जातो. सांगलीचं नाव घेणारा एखादाच. त्यामुळे नागपुरात रिकामी झालेल्या सांगलीच्या गाडीचा ड्रायव्हर तिथल्या चार ट्रान्सपोर्टवाल्यांना फोन लावत बसतो.

तो फोन कसा असतो ते सांगतो, कारण निम्म्या भाड्याचं मूळ त्यातच आहे.

“भाऊ, गाडी उद्या रिकामी होतीय. सांगली, मिरज, कोल्हापूर, काय आहे का?”

“सांगली तर नाही ना जी. पुणे आहे.”

“पुण्याहून परत कोण आणणार? सोलापूरपर्यंत तरी बघा की.”

“तांदूळ आहे, पण भरायला तुमसरले जा लागते. अन् भाडं बाराशे.”

बाराशे म्हणजे टनाला. गाडीत अठरा टन, म्हणजे एकवीस हजार सहाशे. इथून निघताना तोच गाडीवाला टनाला पंचवीसशेच्या खाली बोलत नव्हता. आता मात्र मनातल्या मनात गणित करतो: रिकामं गेलो तरी डिझेल जळणारच, हे घेतलं तर डिझेल निघून वर चार पैसे राहतील. मुक्काम वाढला तर तेही नाही. घेतो. तुम्हाला येताना जे निम्मं दिसतं ते हे भाडं. (आकडे समजायला घेतले आहेत, उद्या फोन केलात तर वेगळेच असतील, मग माझ्याशी भांडू नका.)

वर्षातून काही महिने हे चित्र बदलतं, आणि त्याला कारण हळद. हिंगोली, वसमत, नांदेड या पट्ट्यात हळद अमाप होते आणि त्यातली बरीच सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याला येते. आपल्या सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा लोकांना अभिमान आहे, असावाच. पण यार्डात उतरणारी किती पोती मराठवाड्यातून आलेली असतात हे आम्हा ट्रान्सपोर्टवाल्यांना विचारा. फेब्रुवारी-मार्चपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत गाडीवाल्याला परतीची काळजी उरत नाही. नागपुरात साखर उतरवायची, सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर रिकामं यायचं आणि वसमतला हळद भरायची. अर्धी वाट रिकामी असली तरी चालते, कारण हळदीचं भाडं चांगलं असतं. त्या दिवसांत ‘नागपूर आहे का’ म्हणून गाडीवालेच आम्हाला फोन करतात, आणि जातानाचं भाडं आपोआप उतरतं. पावसाळ्यात हळद थांबली की पुन्हा चढतं. अंतर काही बदललेलं नसतं.

दुसरी गोष्ट ‘खोटी’ची, म्हणजे गाडी कामाविना अडकून पडण्याची. गाडी एक दिवस नुसती उभी राहिली तर डिझेल जळत नाही, म्हणून लोकांना वाटतं खर्चही होत नाही. एका गिऱ्हाइकाची साखर आम्ही गुरुवारी संध्याकाळी भरली. गाडी शनिवारी दुपारी नागपूरच्या कळमना मार्केटला पोहोचली. गोडाऊनवाला म्हणाला, आज हमाल गेले. रविवार सुट्टी. सोमवारी आधीच्या चार गाड्या पुढे, आपली निम्मी उतरली तोवर अंधार पडला. ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, त्याला दर दोनशे किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे साडेसातशेला चार. ते सोमवारी रात्री बारा वाजता संपत होतं. ते वाढवून घ्यायला संपण्याच्या आठ तास आधी आणि आठ तास नंतर एवढीच सवड असते, म्हणून मी इथे रात्री कॉम्प्युटरपुढे आणि ड्रायव्हर तिथे केबिनमध्ये. मंगळवारी दुपारी गाडी मोकळी झाली. तोवर ठरवलेलं परतीचं लोड दुसऱ्या गाडीत भरून निघूनही गेलं होतं. खोटीचे पैसे मागितले तर गिऱ्हाईक म्हणालं, गाडी तर उभीच होती की! पुढच्या वेळी त्याच गोडाऊनचं नाव काढलं तसे दोन गाडीवाले ‘नको’ म्हणाले आणि तिसऱ्याने भाडं चढवून सांगितलं. ते भाडं ऐकून त्या गिऱ्हाइकाने मला विचारलं, एवढं कसं?

मग वाराई. माल चढवायचे-उतरवायचे पैसे कोणी द्यायचे हा आमच्या धंद्यातला जुना तंटा. वर्षानुवर्षं ते गाडीवाल्याच्या खिशातून गेले. आपल्या भागातल्या लॉरीवाल्यांनी ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ अशी घोषणा देऊन आंदोलनं केली, तेव्हा कुठे काही ठिकाणी व्यापारी द्यायला लागले. माझं मत विचाराल तर घोषणा रास्तच आहे. पण भाडं ठरवताना वाराई कुणाकडे हे फोनवरच बोलून घ्या. दोन ट्रान्सपोर्टच्या भाड्यांत तुम्हाला जो फरक दिसतो, तो पुष्कळदा एवढाच असतो.

‘दोन टन जास्त टाका, म्हणजे टनामागे स्वस्त पडेल’ हा सल्लाही बरेच जण देतात. दहाचाकीचं पासिंग, म्हणजे गाडीसकट मंजूर वजन, 2018 मध्ये 25 टनांवरून साडेअठ्ठावीस झालं, त्याच्या वर काटा गेला की 2019 च्या कायद्याप्रमाणे वीस हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. शिवाय जादा माल तिथेच उतरवून घ्यायला लावतात. दोन टनांसाठी कोण एवढं करील? करणारे आहेत, आम्ही करत नाही.

उलटंही असतं. सांगलीचे चुरमुरे भरले तर ताडपत्री ओढताना पोती हौद्याच्या वर डोकावतात आणि काट्यावर वजन काहीच नाही. तिथे टनाचा दर लावून चालत नाही, पुरी गाडी धरूनच बोलावं लागतं. घरसामानाचंही तसंच. बदलीवाल्यांना म्हणूनच धक्का बसतो. कपाट, फ्रिज, पलंग मिळून वजन दीड-दोन टन, पण जागा अख्ख्या छोट्या गाडीची. आणि घरसामानात गाडीवाला दुसऱ्याचा माल घालायला तयार नसतो. कपाटाला एक ओरखडा आला तरी बॅलन्स, म्हणजे उरलेलं भाडं, अडकतं हे त्याला ठाऊक असतं.

आता ॲप आलेत. कुठे गाडी रिकामी आहे ते दिसतं, भाव दिसतो, आणि परतीचं लोड शोधायला ते खरंच उपयोगी पडतात. पण वसमतच्या आडत्याकडे हळदीची पोती शिवून तयार आहेत की अजून ढीग पडलाय, हे त्यात दिसत नाही. ते अजून फोनवरच कळतं.

तेव्हा तुम्हाला नागपूरला माल पाठवायचा असेल आणि घाई नसेल, तर मार्च-एप्रिलमध्ये विचारा. तारीख एकच न सांगता चार दिवसांची सवड द्या, म्हणजे ज्या गाडीला तिकडचं परतीचं लोड लागलंय तीच मी तुम्हाला लावून देतो. नागपूरहून सांगलीला आणायचं असेल तर तिथली नवी गाडी शोधू नका, इथून गेलेली विचारा. आणि गुरुवारी-शुक्रवारी भरू नका.