बघतो

१७ जानेवारी, रात्री

आज मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. आमचे मुख्य अकाउंटंट महिनाअखेरीस पुण्याला चाललेत. "तू सांभाळशील का रे सगळं?" असं विचारलं. माझ्या ओठांवर 'बघतो' आलंच होतं.

अकरा वर्षं झाली, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत या टॉवेल कारखान्यात आहे. बिलं चढवायची, फायली लावायच्या, सहाला गाडीला किक मारायची. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. मोठं व्हावं असं कधी वाटलं नाही, त्याची लाजही नाही. घरी कडक भाकरी, शेंगाचटणी, रविवारी कंबर तलावाकडे चक्कर. मी खरंच सुखी होतो. बायकोला मात्र कधी विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली होती, "अहो, एक जुकी शिलाई मशीन घ्यायची का? शाळेच्या गणवेशांचं काम घरी आणता येईल." मी म्हणालो, बघतो. उन्हाळ्यात तिनं परत काढलं. बघतो. मग तिनं विचारणं सोडलं आणि मला वाटलं, विषय मिटला.

चार दिवसांपूर्वी, भोगीला, आम्ही सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला गेलो. संमती कट्ट्यापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, आले, संमती वाचली गेली आणि हजारो हातांतून एकदम अक्षता उडाल्या. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न, लहानपणापासून पाहत आलोय. यंदा 'संमती' या शब्दापाशीच अडकलो. ज्याला संसार करायचाच नव्हता, त्या योग्याच्या लग्नातसुद्धा संमती सगळ्या गावासमोर मोठ्यानं वाचतात. शेजारी ही मुठीत अक्षता धरून उभी. तिला मी दोन वर्षांत हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जीएसटीचं २बी आलं, म्हणजे माल देणाऱ्यांनी आमच्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी. सूतवाल्या दोन पार्ट्यांची बिलं त्यात नव्हती. एरवी राहिलेल्या बिलांची यादी अकाउंटंट साहेबांच्या टेबलावर ठेवून निघालो असतो. त्या दिवशी बसलो. दोघांना फोन लावले. एकानं रिटर्नच भरलं नव्हतं, दुसऱ्यानं आमचा जीएसटी नंबर चुकीचा टाकला होता. म्हणजे २० तारखेला ३बी, महिन्याच्या कराचं रिटर्न, भरताना त्या बिलांवरच्या कराचं क्रेडिट धरता येणार नाही, तेवढा कर खिशातून जाणार. आकडा काढून मालकांना लिहून दिला, म्हणजे पैशांची सोय आधीच होईल. पॅकिंगमधला मित्र डोकावून म्हणाला, "इतक्या उशिरापर्यंत काय करलालास बे?" मला घड्याळाचं भानच नव्हतं. बरं वाटलं त्या कामात, आतून.

म्हणून आज 'बघतो' गिळलं. म्हणालो, "सांभाळतो. एक्स्पोर्टच्या रिफंडचं काम मला येत नाही, तेवढं साहेबांनी जायच्या आधी शिकवावं." मालक म्हणाले, सोमवारपासून त्यांच्याजवळ बस.

घरी आल्यावर तिला आधी हे सांगितलं नाही. विचारलं, "मशीन कुठं ठेवायची?"

ती भाकरी थापता थापता थांबली. माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "खिडकीपाशी उजेड आहे. पण तिथं बॅरल आहेत पाण्याचे."

पाणी उद्या पहाटे यायचंय. बॅरल आज रिकामेच होते. जेवणं झाल्यावर दोघांनी मिळून ते मोरीकडे सरकवले.